उतरून चालायची वाट

फ्रीव्हीलचा पाना शिकंज्यात उभा आवळून देवमनने त्यावर सायकलचं मागचं चाक आडवं बसवलं आणि रिम डावीकडे पिळली. गिअरांचा जुडगा हलायला तयार नव्हता. पायडलवर जितका जोर, तितका तो आवळत जातो. आणि समोर उभ्या उत्तमरावाने सायकलच्या शर्यतींत जोर लावायला कसर ठेवली नव्हती.

“धरा पाटील, तिकळून.”

दोघांनी समोरासमोर चाक धरलं. उत्तमरावाने त्याला ओळखलं नव्हतं. कसा ओळखणार? गाव सुटलं तेव्हा देवमन लहान पोरगा होता. बौद्ध झाल्याच्या दुसऱ्या वर्षी देवमनचे वडील पुंजाराम गावात पाटलाच्या दारावरून सायकलने गेले. खाली उतरले नाहीत, एवढाच गुन्हा. त्यांना ओढून उतरवलं आणि वेशीपर्यंत सायकल हातात धरून चालायला लावलं. मागून डबा बडवत होता तो पाटलाचा पोरगा, हाच उत्तम. त्याच्या लेखी गंमत. देवमनच्या कानात तो डबा अजून वाजत होता.

कडाक! जुडगा सुटला. दाते पार झिजून गेले होते.

“नवं फ्रीव्हील बसव मिस्त्री.”

“मुंबईवून मागवा लागते. लागतीन चार-आठ रोज.”

नवं फ्रीव्हील मागच्या फळीवर तेलकट कागदात गुंडाळलेलं होतं. उत्तमरावाच्या सायकलची साखळी दात्यांवरून उसळताना पाहिली, त्याच आठवड्यात देवमनने ते मागवून ठेवलं होतं.

“मंग सायकल इथंच राहू दे.”

“जागा नाही. चोरी गेली तं मी जिम्मेदार नाही. चाक लावून देतो, पन पायडल मारून चालनार नाही, हातात धरून न्या. ह्या बोळीतून जवळ पडते.”

बोळीत देवमनचं घर. मागच्या दाराने तो आधीच पोचला. पुंजाराम ओट्यावर बसले होते.

“बाबा, पाहा कोन येऊन राहिला. गावचा उत्तम पाटील.”

मान खाली घालून सायकल ढकलत उत्तमराव वळणावर आला, तसा म्हातारा काठी टेकून उभा राहिला.

देवमनच्या मस्तकात सणक गेली. जन्मभर पाटील दिसला की उठायची सवय! सगळ्या केल्यासवरल्यावर पाणी पडलं.

“काहून उठून राहिले? बसा खाली!”

“बाजूले सरक,” म्हातारा म्हणाला. “बसल्यानं नीट दिसत नाही मले.”