डालग्याखालचं गवत

मुंजाजी महाराजांनी कोंबड्या झाकायचं डालगं उचललं आणि ऊसतोड मजूर पंडितच्या परसात जमलेल्या शंभरेक लोकांनी माना पुढे काढल्या.

कोंबड्यांच्या आवारातली सगळी जमीन उघडीबोडकी, काळी, खरवडलेली. तिच्या मधोमध मात्र डालग्याच्या मापाचं गोल हिरवं गवत उभं होतं. बोटभर उंच, जरा फिकट, पण जिवंत. भोवती एक काडी नाही.

"पंधरा दिवसाखाली इतं काय होतं?" महाराज गरजले. "बोला की! माणसं हाव का दगडं?"

"कायीच न्हवतं, महाराज!"

"म्या अंगारा टाकला, डालगं पालथं घातलं, वर धोंडा ठिवला. मेल्या मातीत जीव आला का न्हाई?"

"आला, महाराज!"

बायनाबाईनं जमिनीला डोकं टेकलं. पोरांनी मोबाईल वर केले. "फोटू काढू नका, काच तडकंल!" महाराजांचा चेला ओरडला. तोवर दहाबारा फोटो निघाले होते आणि एकही काच तडकली नव्हती. पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पिंगळीच्या अलीकडे चाळीस उंबऱ्यांची ही वाडी. पंडितची बायको दैवशाला संक्रांतीनंतर गेली, त्याला दीड महिना झाला होता. घरामागे तारेची जाळी लावून तिनं अकरा कोंबड्या पाळल्या होत्या. दर वर्षी दिवाळी झाली की नवराबायको लेकीला घेऊन ऊसतोडीला जायची आणि पाडव्याच्या आसपास परतायची. आली की जाळीच्या आत हरळी घोट्याएवढी वाढलेली असायची. अख्ख्या वाडीनं ती दर साली पाहिली होती.

यंदा दैवशाला गेली आणि जमीन टक्कल पडल्यासारखी झाली.

"लक्ष्मी गेली आन् तिच्यामागं माती बी जळाली," असं बायनाबाई पहिल्यांदा म्हणाली. आठ दिवसांत तेच सगळी वाडी म्हणायला लागली. मग महाराज न बोलावता आले आणि आवारात डालगं पालथं घालून गेले.

आता त्यांनी डोळे मिटले, मान गरगर फिरवली आणि आवाज बारीक केला.

"ह्या जागंत पाणी कुठून येतंय?"

"शेजारच्या कस्तुराबाईच्या मोरीचं," कोणीतरी म्हणालं.

"आजारपणात दैवशालाला पेज कोण पाजत होतं?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. "कस्तुराबाईच."

"मग आजून काय पायजे तुमाला? पेजंतून बाई खाल्ली, पाण्यातून जमीन खाल्ली. करणी हाय करणी! येत्या अवसंला दुपारी बारा वाजता तिनं हीच माती हातात घिऊन गावापुढं कबूल व्हायचं आन् वाडी सोडायची. न्हाई सोडली तर पुढचा नंबर ह्या लेकराचा." त्यांनी पंडितच्या दहा वर्षांच्या सृष्टीकडे बोट केलं. पोरगी बापाच्या मागे लपली. महाराजांनी डालगं पुन्हा गवतावर पालथं घातलं आणि अवसेपर्यंत कोणी हात लावू नये म्हणून बजावलं.

व्यंकटराव, वाडीतले मोठे शेतकरी, खुर्चीवरून म्हणाले, "गावाच्या भल्याचं हाय, पंडित. तू काय म्हणतूस?"

पंडितनं मागे लपलेल्या सृष्टीचा हात धरला. त्याला ते खरं व्हायला हवं होतं.

कारण परभणीच्या दवाखान्यातले डॉक्टर जे बोलले होते ते त्याच्या कानातून जात नव्हतं. "छातीत पाणी झालंय. तीन आठवडे आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या." ते तीन आठवडे दैवशाला मुंजाजी महाराजांचा अंगारा पाण्यातून पीत होती. "गोळीनं अंगारा बाटतो," असं महाराजांनी सांगितलं म्हणून पंडितनं स्वतःच्या हातानं डॉक्टरच्या आधीच्या गोळ्या बंद केल्या होत्या. तेव्हा शेजारची म्हातारी कस्तुराबाई रोज दारात येऊन म्हणायची, "पंडित, तुह्या पाया पडते. तिला परभणीला ने."

आता करणी कस्तुराबाईची ठरली असती, तर पंडितच्या हातून काही झालंच नव्हतं. दीड महिन्यात पहिल्यांदा त्याला त्या रात्री झोप लागली.

दुसऱ्या दिवशी हापशावर बायांनी कस्तुराबाईची घागर बाजूला सरकवली. म्हातारी रिकामी घागर घेऊन परत गेली. पंडितनं ते पाहिलं आणि मान फिरवली.

अवसेला दोन दिवस उरले होते. सृष्टी चुलीसाठी आवाराच्या कोपऱ्यातल्या कापसाच्या पऱ्हाट्या ओढत होती. तिनं हाक मारली.

"पप्पा, इकडं बी महाराजाचं गवत हाय!"

पंडित गेला. पऱ्हाट्यांच्या ढिगामागे मोडक्या कूलरची एक जाळी जमिनीवर आडवी पडली होती. तिच्या प्रत्येक भोकातून हरळी वर आली होती, दाट, हिरवीगार. जाळीच्या वर आलेले शेंडे मात्र सगळे एका पातळीत तुटलेले. कडेला उभी असलेली तांबडी कोंबडी भोकात चोच घालून बघत होती. तिला खालपर्यंत पोचता येत नव्हतं आणि पायानं उकरायचं तर नख्या तारेवर घसरत होत्या.

पंडित तिथंच खाली बसला.

ती जाळी त्यानंच टाकली होती. डिसेंबर होता. दैवशाला गोधडी पांघरून उन्हात बाजेवर बसली होती. "अवो, यंदा आपुन तोडीला गेलो न्हाई, म्हून कोंबड्या बी कस्तुरामावशीकडं गेल्या न्हाईत," ती खोकत म्हणाली होती. "पाच म्हयने एकाच जागी ऱ्हायल्यावर समदं खरडून खातेल. ती कूलरची जाळी टाका तितं, तेवढ्याच जागंचं तरी वाचंल." तो वैतागला होता. हिला धाप लागलीय आणि ही गवताचं बोलतेय. टाकली आणि विसरला.

दर साली तोडीला जाताना कोंबड्या कस्तुराबाईकडे जायच्या. पाच महिने आवार मोकळं राहायचं, तिच्याच मोरीचं पाणी पिऊन हरळी वाढायची, आणि परत आलं की ते हिरवं दिसायचं. दैवशालाच्या दुखण्यामुळे यंदा पहिल्यांदाच कोंबड्या तिथून हलल्या नव्हत्या.

त्यानं मान वर केली. तारेच्या बाहेर, त्याच मोरीच्या पाण्यावर, गवत अगदी तारेपर्यंत येऊन थांबलं होतं. दोन महिने ते डोळ्यापुढे होतं.

"पप्पा, मंग मावशीनं कायीच केलं न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग आई कामून मेली?"

पंडितनं पोरीला जवळ ओढलं. 

अवसेला बारा वाजता परस पुन्हा भरला. कस्तुराबाईला मधे उभं केलं होतं. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि हातात कपड्यांचं गाठोडं होतं. महाराजांनी डालगं उचललं. हिरवं गोल आता आणखी उंच झालं होतं.

"घे माती हातात!" महाराज म्हणाले.

"थांबा," पंडित म्हणाला आणि त्यानं खुराड्याचं दार उघडलं.

गर्दीमुळे सकाळपासून कोंडलेल्या अकरा कोंबड्या एकदम बाहेर आल्या आणि थेट त्या गवतावर पडल्या. एक चोचीनं पातं ओढतेय, दुसरी दोन्ही पायांनी माती मागे फेकतेय. चेला "हुश्, हुश्!" करत धावला. व्यंकटरावांनी त्याला हातानं अडवलं. थोड्याच वेळात महाराजांच्या चमत्काराच्या जागी उकरलेली माती आणि दोनचार मुळ्या राहिल्या.

"जमीन अशी जळाली," पंडित म्हणाला. "डालग्याखाली कोंबडीचं तोंड पोचत न्हाई, म्हून मुळीतून गवत फुटलं. अंगाऱ्यानं न्हाई." त्यानं पऱ्हाट्या बाजूला सारल्या आणि जाळी दाखवली. "इतं कोणीच अंगारा टाकला न्हवता."

"वाऱ्यानं उडाला आसंल तिकडं!" महाराज म्हणाले. "अंगाऱ्याला रस्ता दावावा लागत न्हाई!"

"मंग आवारात बाकीकडं का उडाला न्हाई? आन् पाण्यात करणी हाय म्हणता, तर तारंच्या भाईर त्याच पाण्यावर गवत कसं हाय?"

कोणीतरी हसलं. महाराजांचा आवाज चढला. "पंडित, नास्तिक होऊ नकू! बायको गेली, आता पोरगी..."

"पोरीचं नाव घिऊ नका." पंडित महाराजांच्या समोर येऊन उभा राहिला. "मही बायको करणीनं न्हाई मेली. तुमी गोळ्या बंद करा म्हणलाव आन् म्या केल्या. तीन हप्ते. तुमच्या अंगाऱ्यानं मेली आन् मह्या हातानं मेली. ते झाकायला तुमाला ही म्हातारी पायजे होती." त्यानं कस्तुराबाईकडे पाहिलं. "आन् मला बी पायजे होती."

 बायनाबाईनं पदर तोंडाला लावला. तिच्याही घरात महाराजांच्या अंगाऱ्याची पुडी होती आणि नातवाला चार दिवसांपासून ताप होता. ती घराकडे निघाली. तासाभरानं नातू ऑटोत बसून परभणीला गेला.

महाराजांची गाडी त्याच्याही आधी गेली होती.

पंडित त्याच दिवशी पोलीस ठाण्यात गेला आणि सगळं लिहून दिलं, स्वतःच्या हातून झालेलंसुद्धा. आता कोणी विचारलं तर तो एवढंच सांगतो: बाबांनो, गवत गेलं तर आधी तिथं काय चरतं ते बघा. ताप आला तर दवाखाना गाठा. आणि कोणी शेजाऱ्याकडे बोट केलं, तर बोट करणाऱ्याचं त्यात काय झाकतंय ते विचारा. ह्याला लय शिकावं लागत नाही. बघावं लागतं.

त्याच अवसेच्या संध्याकाळी तो कस्तुराबाईच्या दारात गेला. गाठोडं अजून सुटलेलं नव्हतं.

"मावशी, मह्याकडून..."

"कोंबड्या दे इकडं," ती म्हणाली. "दर साली देतूस तशा."

त्याच्याकडे न बघता तिनं एकेक कोंबडी पायाला धरून नेली. माफ केलं असं ती तेव्हा म्हणाली नाही, नंतरही नाही.

पाडव्याला आवारात हरळी घोट्याला लागत होती. सृष्टीनं बापाला ओढत नेऊन ती दाखवली. पंडितनं खाली वाकून पात्यांवरून हात फिरवला. दैवशालानं सांगितलं होतं तसंच झालं होतं. दवाखान्याचं कस्तुराबाई म्हणत होती तेही ऐकलं असतं, तर आज हे दाखवायला दैवशालाच उभी असती.