पाच इंच मातीखाली

मित्रांनो, प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समागे जे मैदान आहे, तिथला जुना गोलपोस्ट तो मीच. माझा रंग उडालाय, जाळीला ठिकठिकाणी गाठी मारल्यात, आणि तरीही यंदा माझी मान ताठ आहे. का, ते सांगतो. त्यात माझी एक चूकही येईल, तीही लपवणार नाही.

मी गणपतरावांच्या हातचा. ते वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी जुने पाइप मिळवले, सुटीचे दोन रविवार अंगणात बसून मला जोडलं आणि टेप लावून वरचा आडवा बार बरोबर आठ फुटांवर बसवला. कामगारांच्या मॅची रंगल्या, शिट्ट्या घुमल्या. मग कामगार म्हातारे झाले, पोरं क्रिकेटकडे वळली आणि माझ्यावर गोधड्या वाळू लागल्या. ओल्या गोधडीचं ओझं काय असतं ते मला विचारा. त्या वर्षांत माझ्याकडे गोलपोस्ट म्हणून कोणी बघितलंच नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं.

आठ वर्षांपूर्वी निरुपमाताई आल्या. सयाजीगंजमधल्या एका शाळेत त्या खेळ शिकवतात. त्यांनी माझ्यावरच्या गोधड्या घडी घालून ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या आणि मुलींचा संघ उभा केला. त्यांत अकरा वर्षांची मोहना सगळ्यांत बुटकी. पण चेंडू अंगावर आला तरी ती डोळे मिटायची नाही, म्हणून ती गोलकीपर झाली. दरवर्षी तिची उडी माझ्या बारच्या जवळ येत गेली. एके दिवशी बोटं टेकली, आणि मग तिच्या डोक्यावरून गोल जाणंच बंद झालं. मी फुशारून गेलो. बाहेरगावी मात्र तिच्या डोक्यावरून हटकून गोल व्हायचे. सगळे म्हणायचे, हिला बाहेरचं मैदान मानवत नाही. मलाही ते पटायचं.

यंदा आमच्या मुलींना महिलांच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये जागा मिळाली. घरच्या मॅची माझ्यासमोर व्हायच्या होत्या. दिवाळीनंतर लीगचे निरीक्षक आले. त्यांनी टेप लावली, मग परत लावली.

"बेन, पांच इंच ओछा छे," ते ताईंना म्हणाले. पाच इंच कमी. पंधरा दिवसांनी ते पुन्हा येणार होते. तोवर माप पुरं झालं नाही, तर मॅची दुसऱ्या मैदानावर.

गणपतराव आता ऐंशीचे आहेत. निरोप मिळताच काठी टेकत आले, खुरपं मागितलं आणि माझ्या पायाशी बसले. "मी आठ फूटच केला होता," एवढंच म्हणत ते उकरत राहिले. मातीखाली माझा जुना पांढरा रंग निघाला आणि त्याच्यावर मातीचे थर दिसले. मोहना ओणवून बघत होती. तीच म्हणाली, "आजोबा, ही तर गरब्याची माती."

खरंच होतं ते. काही वर्षांपासून नवरात्रात इथे गरबा होतो. खेळणारे अनवाणी असतात, पायाला खडा लागू नये म्हणून मंडळ दरवर्षी मऊ माती पसरतं आणि रूळ फिरवतं. मैदान वर येत गेलं, मी बुडत गेलो, आणि मला पत्ताच नाही. मोहना वाढली हे खरं, पण तिच्या उडीतले पाच इंच माझे होते. इतकी वर्षं मी तिला खोटी शाबासकी देत होतो.

गरबा मंडळाचे समरजितभाई तसे भले गृहस्थ. ते म्हणाले, "एक दिवसाचा तर सवाल आहे ने. मोजतील तेवढ्यापुरती माती काढू, नंतर पाछी भरून टाकू."

सगळ्यांनी मोहनाकडे बघितलं. नागरवाड्यातली अवंती, चांगली उंच गोलकीपर, नुकतीच संघात आली होती. बार खाली राहिला तर मोहनाचीच जागा पक्की राहणार, हे सगळ्यांना कळत होतं. मोहनाने मातीचे हात ट्रॅकपँटला पुसले. "नको काका," ती म्हणाली. "आखाच बाहेर काढा त्याला."

मित्रांनो, त्या क्षणी मला पाय असते तर मी स्वतःच वर आलो असतो. वीस जणांनी खणून मला उचललं. समोरच्या टोकाच्या माझ्या जुळ्या भावालाही काढलं. दोघांना नव्याने रोवताना टेप गणपतरावांच्याच हातात होती. ठरल्या दिवशी निरीक्षक आले, मोजलं आणि "आठ फूट, बराबर" म्हणून सही करून गेले.

त्याच संध्याकाळी अवंतीने बारच्या अगदी खालून आत जातील असे सहा चेंडू मारले. पाच मोहनाच्या बोटांवरून आत गेले. ती माझ्या खांबाला टेकून बसली. "ताई, अवंतीला घ्या. मी फसवी निघाले."

"फसवा तो होता," ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "लीगकडे संघाची यादी महिनाअखेरीस जाते. तोवर उड्या मार."

बोल मला लागला, पण खरा होता. मोहना रोज कॉलेजच्या आधी येऊ लागली, आणि चेंडू फेकायला अवंतीच उभी राहायची. कोपर सोलले, बोटं सुजली. यादीच्या दिवशी ताईंनी अवंतीला पुन्हा सहा चेंडू मारायला लावले. मोहनाने चार अडवले. ताईंनी कागदावर पहिलं नाव तिचं लिहिलं, दुसरं अवंतीचं.

"दोन गेले, ताई," मोहना म्हणाली.

"दिसलं मला," म्हणत ताईंनी कागदाची घडी घातली.

तेव्हा मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जीव लावा, रंग द्या, पण वर्षातून एकदा मोजूनही बघा. नाहीतर आम्ही नकळत तुमचं नुकसान करतो. पुढच्या आठवड्यात पहिली मॅच आहे, जरूर या. मोहनाच्या डोक्यावरून एखादा गोल जाईलही. जाऊ दे. तो पुऱ्या आठ फुटांतला असेल, आणि ती जे अडवेल तेही.