परवान्याआधीचे अभिनंदन

गुरुवारी सकाळी अकरा वाजता अंतरा करंदीकरचा अर्ज थांबवण्यात आला. मस्कतच्या बौशर भागातल्या एका खासगी दवाखान्यात ती एका पेशंटचे रक्त घेत होती, तेव्हा फोनवर मेसेज आला. नर्स प्रॅक्टिशनरच्या परवान्याची तिची फाइल रोखली होती. रविवारी, म्हणजे ओमानच्या आठवड्यातल्या कामाच्या पहिल्याच दिवशी, परवाना कार्यालयात हजर राहायचे होते. कारण दिलेले नव्हते.

अंतरा मस्कतमध्ये नर्स म्हणून नोंदणीकृत होती. नोकरी सांभाळून तिने पुढचे शिक्षण घेतले होते आणि परीक्षाही पास झाली होती. नर्स प्रॅक्टिशनर झाल्यावर तिला ठरलेल्या मर्यादेत पेशंट तपासून स्वतः औषध लिहून देता येणार होते. फक्त परवाना यायचा बाकी होता.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितले. चिन्मयने टीव्ही बंद केला.

"कोणीतरी तक्रार केलीय," तो म्हणाला. "आणि कोणी ते तुलाही माहितीये."

"कोणी?"

"प्रणाली! अजून कोण?"

प्रणाली वाघमारे त्याच दवाखान्यात मुख्य नर्स होती. मूळची कल्याणची. तिचा नवरा दूर सोहार शहरात इंजिनीअर, आणि ती मुलांसह मस्कतमध्येच वादी अदाई भागात राहायची.

"ती कशाला करेल?" अंतराने विचारले, पण आवाजात जोर नव्हता.

"तू पुढे गेलीस ना तिच्या! आणि ती आपल्यात मिसळते कधी? गणपतीला बोलावलं, आली नाही. जयंतीला मात्र पहिल्या रांगेत. त्यांचं सगळं वेगळंच असतं."

अंतराला महिन्यापूर्वीची एक गोष्ट आठवली आणि संशय पक्का झाला.

परीक्षेचा निकाल लागला त्याच रात्री महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर एक पोस्टर आले होते. मंडळाचे अध्यक्ष जयप्रकाश सबनीस, सगळ्यांचे काका, अशी पोस्टर हौसेने बनवत. कोणाचा मुलगा दहावी झाला, कोणी पुण्यात फ्लॅट घेतला, की काकांची सोनेरी चौकट तयार! या वेळी चौकटीत अंतराचा फोटो होता. 'आपली लाडकी लेक अंतरा Nurse Practitioner झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' आणि खाली, 'आरोग्यविषयक मार्गदर्शनासाठी संपर्क', पुढे तिचा नंबर.

"काका, परवाना यायचाय अजून," अंतरा फोनवर म्हणाली होती.

"अगं, नुसता कागद यायचाय! बारशाला जन्मदाखला लागतो का?" काका हसले होते.

दुसऱ्या दिवशी तिने ते पोस्टर प्रणालीला दाखवले. प्रणालीने ते मोठे करून वाचले आणि एवढेच म्हणाली, "परवाना हातात आल्यावर लावायचं होतं हे. काढायला सांग."

तेव्हा अंतराला वाटले होते, जळतेय. आता वाटले, तेव्हाच ठरवले असेल हिने!

रविवारी परवाना कार्यालयात अहमद नावाच्या अधिकाऱ्याने तिला बसायला सांगितले. बोलणे शांत, हिंदी-इंग्रजी मिसळून. त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर काकांचे पोस्टर होते. मराठी त्याला वाचता येत नव्हते, पण दोन शब्द इंग्रजीत होते आणि तेवढे पुरेसे होते.

"हे कोणी पाठवलं?" अंतराने विचारले.

"सिस्टर, तो माझा प्रश्न नाही," अहमद म्हणाला. "माझा प्रश्न एकच. परवान्याआधी तुम्ही कोणाला स्वतःहून औषध सांगितलं का?"

"नाही," अंतरा म्हणाली.

ते खोटे होते.

त्या आठवड्यात दवाखान्याचे वातावरण बदलले. प्रणाली खोलीत आली की अंतरा बोलता बोलता थांबे. प्रणाली कॉरिडॉरमध्ये कोणाशी फोनवर अरबीत "खलास, इन्शाल्ला", म्हणजे 'झालंच समजा', असे म्हणाली, तर अंतराला वाटे, हे माझ्याबद्दलच. प्रणालीने तिची ड्यूटी बदलली, त्यातही तिला डाव दिसला. खरे म्हणजे तो बदल अंतरानेच पूर्वी मागितला होता. संशयाला पुरावा लागत नाही, तो मिळेल त्या वस्तूचा पुरावा करून घेतो.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत प्रणाली डबा घेऊन तिच्यासमोर येऊन बसली.

"काय गं, माझ्या भाजीला वास येतो का हल्ली?"

"तूच पाठवलंस ना ते पोस्टर?" अंतराच्या तोंडून निघून गेले.

प्रणालीने डबा उघडला नाही.

"कुठे पाठवलं?"

"परवाना कार्यालयात. फाइल थांबलीय माझी."

"अच्छा. ते पोस्टर किती जणांकडे होतं?"

"सगळ्यांकडे. मंडळाचा ग्रुप, मग पुढे कोणाकोणाकडे."

"मी आहे त्या ग्रुपवर?"

"नाहीस."

"मग एवढ्या लोकांतून तुला मीच सापडले? मंडळातलं कोणी का नाही? आपलं माणूस असं करणार नाही, हो ना?" प्रणाली हसली, पण ते हसू नव्हते. "मग अंतरा, मी कोणाची?"

 चिन्मयचे 'त्यांचं सगळं वेगळं' हे शब्द अंतराच्या कानात होते, आणि ऐकताना आपण त्याला अडवले नव्हते, हेही.

"मी पाठवलं की नाही, हे मी सांगणार नाही," प्रणाली म्हणाली. "नाही म्हटलं तर तू दुसरं कोणी शोधशील. हो म्हटलं तर तुला रडायला कारण मिळेल. तू मला एवढंच सांग. त्या पोस्टरमधलं खोटं कोणी लिहिलं?"

"काकांनी. कौतुकाने लिहिलं गं."

"आणि तू काय केलंस?"

"हात जोडलेला इमोजी टाकला."

"झकास! कोणाला औषधबिषध सांगितलंस?"

अंतराने खाली पाहिले. मग हळूहळू सांगितले. पोस्टर आल्यानंतर काकांचाच फोन आला होता. 'डॉक्टरीणबाई, सकाळची शुगर दोनशे दहा आलीय, काय करू?' तिने विचारले, गोळी एक घेता ना? आजपासून दोन घ्या. डॉक्टरीणबाई ऐकायला बरे वाटले होते. दुपारी काकांना मॉलच्या पार्किंगमध्ये चक्कर आली. गाडीला धरून ते खाली बसले. कोणा अनोळखी ओमानी माणसाने त्यांना ज्यूस पाजला.

"चक्कर का आली?"

"संकष्टी होती. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं त्यांनी. दोन गोळ्या, आणि उपास."

"तू विचारलंस, आज उपास आहे का?"

"नाही."

"आपल्या माणसाला नाही विचारलंस! इथे एखादा ओमानी आजोबा आला तर रोजा आहे का, जेवलात का, सगळं विचारतेस. घरचा म्हटल्यावर विचारायचं राहिलं." प्रणालीचा आवाज आता मऊ झाला. "परवाना म्हणजे नुसता कागद नाही गं. परवाना म्हणजे चूक झाली तर जाब विचारायला एक नाव, एक पत्ता. त्या दिवशी काकांना काही झालं असतं तर काकूंनी कोणाला विचारायचं होतं? चिन्मयला? मंडळाला? त्या सोनेरी चौकटीला?"

अंतराच्या डोळ्यांत पाणी आले. "मी कार्यालयात नाही म्हणून सांगितलंय."

"मग जाऊन हो म्हण."

त्या संध्याकाळी घरात वाद झाला. चिन्मय म्हणाला, "वेड लागलंय का? झाकली मूठ सव्वा लाखाची! कोणाला कळणार आहे?" अंतराने काकांनाही फोन केला, तर ते म्हणाले, "अगं, मी कुठे काही बोललोय? डॉक्टरांनाही नाही सांगितलं, तुझं नाव खराब व्हायला नको म्हणून. माझ्या लेकीच्या हातून एक गोळी जास्त गेली, त्यात काय!"

त्यात काय!  त्या झाकल्या मुठीत या माणसाचा जीव होता, आणि तो स्वतःच मूठ आवळून धरत होता, प्रेमाने!

"काका, आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा," अंतरा म्हणाली. "मी उद्या कार्यालयात सांगणार आहे."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात शिरताच तिने प्रणालीला गाठले. "मी तुला विचारलं, तेच चुकलं. कोणी पाठवलं, हे आता मला कळायलाही नकोय."

"भाजी खा," प्रणाली डबा पुढे करत म्हणाली. "आणि नीट बोल तिथे. रडू नकोस."

कार्यालयात ती रडली नाही. अहमदने तिचे म्हणणे ऐकले, टाइप केले, तिला वाचून दाखवले आणि सही घेतली. "आधी 'नाही' असं का म्हणालात?" त्याने विचारले.

"घाबरले होते. आणि मला वाटत होतं, चूक पोस्टर पाठवणाऱ्याची आहे."

मित्रहो, परदेशात आपण एकमेकांना धरून राहतो, ते चांगलेच आहे. पण आपल्या माणसाला कौतुकाने पदवी देता येत नाही, आणि आपल्या नसलेल्या माणसावर पुराव्याशिवाय गुन्हा लादता येत नाही. या दोन्ही सवयी एकाच घरात वाढतात. जिथे आपल्याला प्रश्न विचारायचा नसतो, तिथेच परक्यावर बोट रोखायची घाई होते. ज्याच्या हातात आपला जीव देतो, त्याला परवाना विचारणे हा अपमान नाही. आणि ज्याने तो विचारला, तो शत्रू नाही.

पोस्टर कोणी पाठवले, हे अद्याप कोणालाही माहीत नाही. अंतराची फाइल समितीपुढे गेली आहे. नर्स प्रॅक्टिशनरचा परवाना द्यायचा की नाही आणि तिची सध्याची नोंदणी ठेवायची की नाही, हे दोन्ही समितीच ठरवणार आहे. जबाब देण्यासाठी समितीने जयप्रकाश सबनीस यांना येत्या सोमवारी बोलावले आहे. ते जाणार की नाही, हे त्यांनी अजून कोणालाही सांगितलेले नाही.