जागेपणीचं चित्र

मी एक जुना सीटी स्कॅनर. शरीराच्या आतली चित्रं काढतो. मित्रांनो, सोलापुरात सात रस्त्याजवळच्या या इस्पितळात मी आलो, तेव्हा मला हार घातला होता. आता माझी घरघर ऐकली की लोक मुलांना मागे ओढतात.

एकदा जेऊरहून ऋतुजा तान्ह्या अजिंक्यला घेऊन आली. सोबत सासू बजाबाई. बाळ रडलं की त्याचा श्वास घरघरे, ओठ निळे पडत. बजाबाईंचा संशय सुनेवर. "हिनं चोरून दही खाल्लं, तेच दुधातनं पोराच्या छातीत उतरलं," म्हणत त्यांनी तिचं अंगावर पाजणंच बंद केलं होतं.

मूल हललं की चित्र बिघडतं, म्हणून बाटलीने पाजून निजवायची आमची रीत. तंत्रज्ञ मकदूमभाईंनी तसंच केलं. चित्र स्वच्छ आलं. श्वासनळी छान उघडी.

"बगा! पोरात काय न्हाय," बजाबाई म्हणाल्या. "म्या म्हनलं व्हतं की, खोट हिच्या दुधात हाय!"

ऋतुजाने निजलेल्या बाळाला दुपट्यात गुंडाळलं. मला माझ्याच चित्राचा संशय आला. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरं होतं का?

बालरोगतज्ज्ञ शगुफ्ता मॅडमनाही तेच खटकलं. "त्रास रडताना होतो आणि आपण झोपेत बघतोय! जागेपणी एकदाच घेऊ. क्ष-किरण कमीत कमी ठेवा."

"रडंल की, मॅडम," मकदूमभाई म्हणाले.

"रडू दे. तेच बघायचंय."

बजाबाई आडव्या आल्या. "पुन्यांदा त्या भोकात? नातू हाय माजा, उंदीर न्हाय!"

ऋतुजाच पुढे झाली. शिशाचा जड एप्रन घालून तिने बाळाचे हात धरले. अजिंक्यने भोकाड पसरलं. पापणी लवायच्या आत मी चित्र काढलं. श्वास सोडताना त्याची नळी ओल्या कागदाच्या पुंगळीसारखी चपटी होत होती.

"नळीची भिंत जन्मापासून कमकुवत आहे," मॅडम म्हणाल्या. "बहुतेक मुलांची वाढत्या वयात घट्ट होते, पण तोवर जपायला हवं. दुधाचा यात दोष नाही. आईलाच पाजू दे, जरा उभं धरून."

बजाबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "ह्ये खोटं दावत नसंल कशावरनं?"

मित्रांनो, तेवढा संशय मला चालतो. मला धुळीपासून जपा, गरज नसता कुणाला माझ्यात घालू नका. पण एका शांत चित्रावरून कुणाच्या माथी दोष मारण्याआधी मला पुन्हा एकदा विचारा.

ऋतुजाने कुणालाच विचारलं नाही. बाळाला उचलून ती भिंतीकडे तोंड करून बसली.

"भाऊ, जरा भाईर थांबा," ती म्हणाली.

मकदूमभाईंनी दार ओढून घेतलं. श्वासाची घरघर होतीच. पण बाळ पीत होतं.