पोहणे आणि धावणे यांच्या मधली मी

मी एक जुनी पोलादी सायकल आहे आणि उभे राहणे मला मुळीच जमत नाही. तुम्ही म्हणाल, कुठल्या सायकलीला जमते? खरे आहे. आधार काढला की आम्ही सगळ्याच आडव्या होतो. पण माझी खोड जरा जास्तच आहे. टेकवून ठेवले तरी माझे पुढचे चाक आपोआप वळते आणि कोणी येते आहे का, ते पाहत राहते.

मित्रांनो, माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. ट्रायथलॉन नावाच्या शर्यतीत आधी समुद्रात पोहायचे, मग सायकल चालवायची आणि लगेच धावायचे असते. त्यातले पोहणे मी पाहिले नाही आणि धावणेही नाही. मला ठाऊक आहे तो फक्त मधला तुकडा. बाकीचा वेळ मी एका लांब दांडीला खोगिराने लटकून वाट पाहिली आहे. तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्या.

ब्रिस्बेनच्या एका कारागिराने माझ्या नळ्या जोडल्या, तेव्हा माझा रंग गडद निळा होता. तरुण पोरे मला पळवत आणि मी पळत असे. लोक वळून पाहत. मग पिसासारख्या हलक्या सायकली आल्या आणि मला कोणी विचारीना. चर्चच्या आवारातल्या जुन्या बाजारात मी एका मोडक्या पाळण्याला टेकून उभी होते, तिथून ग्लेनिसने मला समुद्रकाठच्या याम्बा गावी आणले.

ग्लेनिस शाळेची बस चालवते. पन्नाशी उलटल्यावर तिच्या मनाने घेतले की आपण ट्रायथलॉन करायचे. तिचा नवरा डार्सी गळ टाकून नदीकाठी तासन्‌तास निवांत बसणारा माणूस. तो म्हणाला, "अगं, लोक या वयात बागकाम करतात."

"बागेत कोणी टाळ्या वाजवत नाही," ग्लेनिस म्हणाली.

पहिल्या शर्यतीत टाळ्या मिळाल्या खऱ्या, पण ती सगळ्यांत शेवटी आली म्हणून. दुसऱ्या शर्यतीत तिने हेल्मेटचा पट्टा न लावताच मला दांडीवरून उचलले. तो नियमाचा भंग. शिट्टी वाजली, तिला थांबवले आणि ती रडवेली झाली. पण त्याच वर्षी, वसंतात, उसाच्या मळ्यांमधून आम्ही रोज पहाटे जात असू. पिल्लांच्या दिवसांत मॅगपाय पक्षी डोक्यावर झेप घेतात, म्हणून तिने हेल्मेटला प्लॅस्टिकच्या पट्ट्या साळिंदरासारख्या उभ्या लावल्या होत्या. पक्षी मागे लागला की ती ओरडायची आणि आम्ही दोघी अशा सुटायचो, की माझे तरुणपण परत आल्यासारखे वाटायचे.

तिसऱ्या शर्यतीत मात्र पिवळी गाडी आली. रस्ता वाहनांना पुन्हा खुला करायची वेळ झाली, की ही गाडी मागे राहिलेल्यांना उचलून आणते. मला मागच्या बाजूला, रस्ता अडवायला मांडतात त्या प्लॅस्टिकच्या शंकूंच्या ढिगावर आडवे टाकले. ग्लेनिस पुढे बसली होती.

त्या हिवाळ्यात तिचा गुडघा दुखावला. मी गॅरेजात गवत कापायच्या यंत्राशेजारी अडकले. माझ्या साखळीवर गंज चढला. हलता येत नाही आणि हलावेसे तर वाटते, यासारखा त्रास नाही, मित्रांनो. एकदा डार्सी म्हणाला, "ही धूळ खातेय. शेजाऱ्याचा जावई मागतोय. देऊन टाकू?"

ग्लेनिसने माझ्या गंजलेल्या साखळीवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "मार्चमधली शर्यत पुरी करते. नाही झाली, तर दे."

त्या दिवसापासून मला चैन पडेना आणि तिलाही. शर्यतीच्या पहाटे तिचे हात स्वस्थ राहीनात. तिने माझ्या चाकांत हवा भरली. कॉफी केली, अर्धी टाकली, पुन्हा हवा भरली. मैदानावर पोचल्यावर शेजारच्या स्पर्धक बाईचा पंप मागून आणखी भरली. टायर दगडासारखे झाले. मला सांगता आले असते, तर मी सांगितले असते.

वयाने मोठ्या बायकांचा गट पाण्यात सर्वांत शेवटी उतरतो. तोवर ऊन चढले. माझ्या आजूबाजूच्या सायकली एकेक निघून गेल्या. मागच्या चाकात हवा तापून फुगत होती, जागा शोधत होती. आणि फाट्!

ग्लेनिस समुद्रातून धावत आली ती हसत. इतक्या लवकर ती कधीच पाण्याबाहेर आली नव्हती. मग तिने माझे चाक पाहिले आणि खाली वाकून चपटा टायर दाबला. आजवर प्रत्येक पंक्चर डार्सीने काढले होते. तो कुंपणापलीकडेच उभा होता, हातभर अंतरावर.

"अगं, आधी चेन लहान चक्रावर घे, म्हणजे चाक सुटेल!" तो ओरडला.

फर्गस नावाचा म्हातारा पंच तिथेच होता. तो म्हणाला, "डार्सी, बाहेरच्याची मदत चालत नाही. हात लावलास, तर ती बाद."

"मी बोलतोय फक्त!"

"बोललास, तर तू बाद."

"त्याला गप्प बसवलंस, तर तुला पदक देईन, फर्गस," ग्लेनिस म्हणाली.

तिने मला उलटी केली. चाक निघेना. निघाले, तर टायर रिमला सोडीना. खारट पाणी तिच्या केसांतून माझ्यावर ठिबकत होते, बोटांना वाळू आणि काळे वंगण. एक नख तुटले. डार्सीने कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरली होती. ओठ घट्ट मिटलेले. खोगिराखालच्या पिशवीतली नवी ट्यूब आधी पिळवटून बसली. तिने ती बाहेर ओढली, श्वास घेतला आणि पुन्हा बसवली. या वेळी हवा बेताची भरली.

आम्ही निघालो तेव्हा दांडीवर एकही सायकल नव्हती. उसाच्या मळ्यापाशी वारा समोरून आला आणि मागे पिवळ्या गाडीची घरघर ऐकू येऊ लागली. ती जवळ आली. ग्लेनिस पुटपुटत होती, "नाही बसणार. तुझ्यात नाही बसणार." माझे सगळे सांधे करकरले, पण तिने बसवलेले चाक सरळ फिरले. आम्ही मैदानाच्या फाटकातून आत शिरलो, आणि आमच्यामागे गाडी थांबली.

ती धावायला गेली. मी पुन्हा लटकले. बायका येऊन आपापल्या सायकली घेऊन गेल्या. फर्गस शंकू गोळा करू लागला. माझे पुढचे चाक वळून वळून वाटेकडे पाहत होते. मग कुठेतरी आरडाओरडा झाला. त्यात डार्सीचा आवाज सर्वांत मोठा होता, म्हणजे आता त्याला बोलायची परवानगी होती.

ग्लेनिस लंगडत आली आणि माझ्या खोगिरावर कपाळ टेकून उभी राहिली. "पुरी केली गं," ती मला म्हणाली. मला, डार्सीला नव्हे.

त्याच संध्याकाळी व्हरांड्यात तिने माझे चाक पुन्हा काढले.

"आता काय झालं त्याला?" डार्सीने विचारले.

"काही नाही. सकाळी घाबरून बसवलं होतं. आता नीट बसवते. तू दिवा धर."

मित्रांनो, घरातली सायकल कधी तरी उलटी करा आणि तिचे चाक आपल्या हातांनी काढून पुन्हा बसवा. हात काळे होतील, पहिल्यांदा चुकेल. पण ज्याचे हात आम्हाला ओळखतात, त्याच्यासाठी आम्ही जरा अधिक पळतो. निदान मला तरी तसे वाटते.