एक ते दीड

डोंगरावरच्या प्रयोगशाळेत घड्याळ सांभाळायला माणूस हवा होता, आणि बायको गेल्यापासून ज्याला घर खायला उठत होतं असा एक तंत्रज्ञ खालच्या संस्थेत होताच. त्याने आपणहून नाव दिलं. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलं तर फिरलं.

घड्याळ कसलं, कपाटाएवढं यंत्र होतं ते. तसंच दुसरं खाली पायथ्याला. सापेक्षतेचा सिद्धांत म्हणतो, उंचावर काळ किंचित भरभर चालतो. किती, तेही आकड्यानिशी सांगतो. दोन्ही घड्याळं केबलने जोडायची आणि तो आकडा येतो का ते बघत बसायचं, एवढंच काम. आणि तो मेला दरवेळी बरोबर यायचा. शंभर वर्षं जगभरचे लोक हात धुऊन मागे लागले होते, पण सिद्धांताच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

दुसऱ्या हिवाळ्यात आलेखावर एक उंचवटा दिसू लागला. रोज दुपारी एक ते दीड वरचं घड्याळ बारीकसं चुकायचं. संस्थेच्या प्रमुख बाई त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, त्याला काका म्हणायच्या. त्यांनी केबल तपासली, वीज तपासली, वारासुद्धा सोडला नाही. काही सापडेना. मग त्यांचा फोन आला की पुढच्या आठवड्यात आम्ही पाच जण दोन महिन्यांसाठी वर येतोय.

त्याने बंद खोल्या झाडल्या, ब्लँकेटांना ऊन दाखवलं, सहा कप घासून ओळीने पालथे घातले. त्या सहा कपांकडे बघून त्याला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली.

तेवढ्यात तो तापाने पडला. दोन दिवस अंथरुणात, आणि ते दोन्ही दिवस उंचवटा गायब. खाली सगळे बुचकळ्यात पडले. त्याला मात्र शंका आली. कारण रोज एक वाजता तो डबा घेऊन त्या घड्याळाला पाठ टेकून बसायचा. कामाशिवाय घड्याळाच्या खोलीत जायचं नाही, हा नियम त्याला पाठ होता. पण दुसरीकडे कुठे बसणार? त्या खोलीत निदान काहीतरी गुणगुणत असायचं. भाजी खारट झाली, गुडघा दुखतोय, लेकीचा फोन आला नाही, असं बायकोला सांगायचं ते सगळं तो त्या यंत्राला सांगायचा.

बरा झाल्यावर तो मुद्दाम तीन वाजता जेवायला बसला. उंचवटा तीनला आला.

गप्प बसलं असतं तर कोणाला पत्ता लागणार नव्हता. दोन महिने घर भरलेलं राहिलं असतं. दिवसभर त्याने स्वतःला समजावून पाहिलं. पण तीस वर्षं खरा आकडा लिहिलेला हात तो; खोटं काही पचेना. संध्याकाळी त्याने फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

बाईंनी वेळा लिहून घेतल्या. मग त्यांनी विचारलं, आत बसून करता काय?

"जेवतो. थोडं बोलतो."

कोणाशी, ते त्यांनी विचारलं नाही.

"काका, माणसाच्या अंगातून शंभर वॅटच्या दिव्याएवढी ऊब निघते. त्या यंत्राला ती कळते."

"कळते?" त्याने विचारलं.

"हो. लगेच कळते."

मग आता वर येण्यात अर्थ नाही, असं त्या हळूच म्हणाल्या. सवडीने एकदा नक्की येईन, असंही म्हणाल्या. तोही बरं म्हणाला.

फोन ठेवून त्याने पाच कप परत फडताळात ठेवले.

दुसऱ्या दिवशी एक वाजता त्याने डबा खोलीबाहेरच्या बोळकांडीत उघडला. पाठीशी भिंत होती, गार. समोरच्या पडद्यावर रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ चालली होती. दीड वाजता हात धुऊन त्याने नोंदवही पुढे ओढली आणि नेहमीच्या सुबक अक्षरात लिहिलं: एक ते दीड, खोलीत कोणीही नाही. आकडा बरोबर.