दोन तासांत गेलेला रंग

खरं सांगायचं तर माझ्या पोटात दुखत होतं. का नाही दुखणार? कापड रंगवायच्या त्या कारखान्याची प्रयोगशाळा मी सोळा वर्षं सांभाळली, आणि मालक आता ती देणार कोणाला, तर माझ्या मेहुण्याला! धाकट्या बहिणीचा नवरा. मीच चिकटवला होता त्याला तिथे.

त्याने एक नॅनो पूड आणली होती. टायटॅनियमची, पिठाहून कितीतरी बारीक. टाकीतल्या लाल सांडपाण्यात ती ढवळायची आणि वरून अतिनील दिवे लावायचे. उजेड पडला की पूड रंगाचे रेणू तोडायला लागते. दोन तासांत पाणी नितळ! मेहुणा लगेच दिवे बंद करायचा आणि असा काही भाव खायचा, की विचारू नका.

"दादा, बघितलंत?"

बघितलं ना. यंत्रावर घालून बघितलं. रंग गेला होता, घाण गेली नव्हती. तुटलेले तुकडे पाण्यात तसेच होते, फक्त दिसत नव्हते. दिवे आणखी सहा तास तरी चालायला हवे होते. त्या पाण्यात मी चार मासे सोडले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चारही उलटे.

हे त्या गाढवाला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. नाही सांगितलं. निकालाचा कागद जपून ठेवला. आठ दिवसांनी मालक पाहुण्यांना घेऊन पाहणीला येणार होते; तेव्हा टाळ्या संपल्या की काढणार होतो. चारचौघांत नाक कापायचं होतं मला त्याचं.

त्या दिवशी मालक होते, तीन पाहुणे होते, आणि नवऱ्याचं कौतुक बघायला माझी बहीणही आली होती. मेहुण्याने भाषण ठोकलं, पाणी गाळून ग्लासात भरलं, खिडकीसमोर धरलं. टाळ्या पडल्या. मी खिशात हात घातला.

"पिऊन दाखवा की," एक पाहुणा हसत म्हणाला.

मेहुणा चाचरला. "अहो, हे पिण्यासाठी नाही..."

"इश्श, त्यात काय!" बहिणीने त्याच्या हातून ग्लास घेतला. "ह्यांनी एवढा जीव ओतलाय त्यात."

ओरडायला हवं होतं मी. पण डोक्यात काय आलं, सांगू? पिऊ दे, म्हणजे हा आणखी तोंडघशी पडेल. देवाशपथ, हेच आलं.

तिने अर्धा ग्लास संपवला. "कडवट आहे जरा," म्हणाली, आणि ग्लास माझ्यापुढे केला. लहानपणापासूनची सवय तिची, काहीही मिळालं की अर्धं दादाला. "घे रे. तुझ्याच प्रयोगशाळेतलं आहे."

मी ग्लास ओठांपर्यंत नेला. सगळे बघत होते. मग तो टेबलावर ठेवून दिला.

तिचं हसू विरलं. तिने ग्लासकडे पाहिलं, मग खिशातल्या माझ्या हाताकडे, बाहेर डोकावणाऱ्या कागदाकडे. हात बाजूला करून तिनेच कागद काढला. आठ दिवसांपूर्वीची तारीख, माझी सही, आणि खाली माझ्याच अक्षरात: मासे चार, मेले चार.

मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला असणार. तोच तर बघायचा होता मला. पण मान त्याच्याकडे वळेना. तो "गाडी काढा, गाडी काढा" असं ओरडत बाहेर धावल्याचं तेवढं ऐकू आलं.

बहीण जागची हलली नाही. एक हात पोटावर दाबून ती माझ्यासमोर उभी होती.

"दादा," ती म्हणाली, "मी पीत होते तेव्हा तुला माहीत होतं?"